जुना पिकअप घेताय? आधी ऑइलचा हिशोब बघा

गाडी बघायला जायच्या आदल्या दिवशी मालकाला फोन करून एवढंच सांगा, की मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर थंड स्टार्टचा निळा धूर, म्हणजे इंजिन ऑइल जाळत असल्याची खूण, आधीच निघून गेलेला असू शकतो, मग पुन्हा एखाद्या सकाळी जा.

त्याआधी घरबसल्या इंजिन नेमकं कोणतं ते काढून ठेवा. शेवरोले सिल्व्हराडो किंवा जीएमसी सिएरा असेल, तर व्हीआयएन नंबरातलं (गाडीचा 17 अक्षरी ओळख क्रमांक) आठवं अक्षर इंजिन सांगतं. यांतलं 2007 नंतरचं 5.3 लिटरचं व्ही-8 ऑइल खाण्यासाठी बदनाम आहे. 2011 ते 2014 च्या गाड्यांवरून अमेरिकेत खटला चालला आणि 2022 मध्ये ज्युरीने जनरल मोटर्स (जीएम) या कंपनीविरुद्ध 10 कोटी डॉलरहून जास्त भरपाईचा कौल दिला. या इंजिनात लोड कमी असताना आठपैकी चार सिलिंडर मुद्दाम बंद केले जातात. त्या यंत्रणेच्या प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हमधून उडालेलं ऑइल सिलिंडरच्या भिंतींवर बसतं, पिस्टनच्या रिंगांत कार्बन धरतो आणि रिंगा चिकटतात. त्या व्हॉल्व्हवर कवच बसवणं आणि डावं रॉकर कव्हर (इंजिनाच्या वरचं झाकण) बदलणं हा कंपनीचाच उपाय होता. तो केल्याचं बिल आहे का, विचारा.

सोबत टॉर्च, पांढरं फडकं, स्पार्क प्लगचा पाना आणि गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर हवा. गाडी सपाटीवर असताना डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) काढा. मधासारखं स्वच्छ, काठोकाठ ऑइल बघून खूश होऊ नका, ते कालच ओतलेलं असेल. मला तर काळं पडलेलं, पण फुल खुणेपाशी टिकलेलं ऑइल जास्त आवडतं. अर्थात शेवटचं ऑइल कधी बदललं आणि मधे किती टाकलं, हे कळलं तरच. मागच्या हौद्यात किंवा सीटखाली ऑइलचे अर्धे डबे दिसले, तर उत्तर तिथेच मिळालं.

खरी गंमत प्लगमध्ये आहे. मुद्दाम बंद होणारे सिलिंडर 1, 4, 6 आणि 7. म्हणजे डाव्या रांगेत (1, 3, 5, 7) दोन्ही टोकांचे, 1 आणि 7. तिथले प्लग काढा आणि मधल्या 3 आणि 5 च्या प्लगांशेजारी ठेवा. टोकाचे दोन काळे, तेलकट आणि मधले कोरडे, फिकट तपकिरी निघाले, तर रोग याच यंत्रणेचा. चारही तेलकट असतील तर दुखणं आणखी पसरलेलं. मालक प्लगला हात लावू देत नसेल, तर मी तिथूनच परत फिरेन.

स्कॅनरवर मिसफायरचे (सिलिंडरात इंधन नीट न पेटल्याचे) कोड बघाच (पी0301, पी0307 वगैरे), पण कोड नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नका. रेडिनेस मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या का ते सांगणारे) अपूर्ण दाखवत असतील, तर कोड नुकतेच पुसलेले किंवा बॅटरी काढलेली असू शकते. स्कॅनर लावतात त्या पोर्टमध्ये सिलिंडर बंद होऊ न देणारं यंत्र खोचलेलं दिसलं, तर का लावलं ते विचारा.

चालवताना एकाला मागच्या गाडीत बसवा. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्येच उतरवा आणि खाली पोचल्यावर जोरात दाबा. निळा झोत निघतो का, हे मागचाच सांगेल.

मालक ‘थोडं ऑइल लागतंच’ म्हणाला तर वाद घालू नका. 3,200 किलोमीटरला सुमारे 0.95 लिटर कंपनीही चालवून घेते. किती किलोमीटरला किती, हा आकडा मात्र लिहून घ्या. तोही सांगता आला नाही, तर भाव करण्याआधी कम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट (सिलिंडर दाब धरतात का, कुठून गळतो ते दाखवणाऱ्या) करून घ्या.