आधी नळ दुरुस्त करा: वसतिगृह सांभाळायला येणाऱ्यांसाठी

मुलाखतीत मला विचारलं होतं, "माणसांत मिसळायला आवडतं का?" मी उत्साहाने हो म्हटलं आणि नोकरी मिळाली. खरं तर विचारायला हवं होतं की रात्री तीनला झोपमोड झाली तर सव्वातीनला पुन्हा झोप लागते का. मला लागते, हे माझं नशीब. विद्यापीठाच्या वसतिगृहात मी आधी विद्यार्थी-सहायक होते, मग सहायक वॉर्डन झाले आणि आता तीनशे खोल्यांचा कारभार बघते. या कामात येऊ पाहणारी मंडळी अधूनमधून भेटतात, "नेमकं करायचं काय असतं?" असं विचारतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहून ठेवतेय.

नवे लोक साधारण दोन बाजूंनी येतात. काहींना इमारत कळते: पाणी, वीज, कंत्राटदार, साफसफाईचं वेळापत्रक. काहींना मुलं कळतात: समुपदेशनाचा कोर्स झालेला असतो, कार्यक्रम घ्यायची हौस असते. आपली बाजू म्हणजेच खरं काम, दुसरी नुसती कटकट, असं दोघांनाही वाटतं. मी दुसऱ्या गटातली. पहिल्या वर्षी दर आठवड्याला 'मनमोकळ्या गप्पा' नावाची बैठक ठेवायचे. खुर्च्या गोल मांडायच्या आणि वाट बघायची. तीन जण यायचे, त्यातले दोघे वाय-फायची तक्रार घेऊन.

त्याच काळात दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमचा एक नळ रात्रंदिवस टपटपत होता. तक्रारवहीत नोंद होऊन एकोणीस दिवस झाले होते. प्लंबर मिळत नव्हता, मिळाला तर त्याच्याकडे वेळ नव्हता, आणि मलाही ते काम मोठं वाटत नव्हतं. शेवटी एका दुपारी प्लंबरला धरून आणलं आणि शेजारी उभी राहिले. वायसर बदलायला दहा मिनिटं लागली. संध्याकाळी तक्रार लिहिणारी मुलगी ऑफिसच्या दारात आली. नळ थांबला म्हणाली. गेली नाही. दाराच्या चौकटीचा रंग नखाने खरवडत उभी राहिली आणि मग म्हणाली, "माझी रूममेट नऊ दिवस झाले लेक्चरला गेली नाहीये. पलंगावरून उठतच नाही फारशी."

मी विचारलं, "अगं, मग आधी का नाही सांगितलंस?"

"नळाचं सांगून तरी कुठे काय झालं होतं?"

या कामातलं मला जे काही कळलंय ते बहुतेक या एका उत्तरातून कळलंय. मुलं आधी छोटी तक्रार टाकून बघतात. तिचं काय होतं त्यावर मोठी गोष्ट तुमच्यापर्यंत येणार की नाही ते ठरतं. त्यामुळे तुम्ही कुठल्याही बाजूने आलेले असा, पहिले दोन महिने तक्रारवहीला द्या. दुरुस्ती त्याच दिवशी होणार नाही, उत्तर मात्र त्याच दिवशी गेलं पाहिजे. "पार्ट यायला चार दिवस लागतील" हे खरं उत्तर "बघतो"पेक्षा शंभर पटींनी बरं. पाचव्या दिवशी पार्ट आला नाही तर तेही आपण होऊन कळवायचं. आणि शक्य तितक्या तक्रारी स्वतः जाऊन बघायच्या. भिंतीला ओल आलीय असं १०७ची मुलं सांगतात, महिन्याने २०७ची सांगतात. वहीत त्या दोन वेगळ्या पानांवरच्या दोन वेगळ्या तक्रारी असतात. जिना चढून गेलात तर दिसतं की एकाच उभ्या पाइपाला लागून त्या दोन्ही खोल्या आहेत, आणि पुढचा नंबर ३०७चा आहे.

वसतिगृह चालवणाऱ्याची पारख ढेकणांवरून होते, असं मी अर्धं गमतीत म्हणते. एखादा मुलगा हातावर ओळीने उठलेले चट्टे दाखवायला येतो. तेव्हा "हे कुठून आणलंस?" एवढं एक वाक्य तोंडातून गेलं की आजूबाजूच्या खोल्या गप्प बसल्याच म्हणून समजा. लाज वाटली की मुलं लपवतात, कुठला तरी फवारा आणून आपणच मारतात, आणि ढेकूण भिंतीच्या फटींतून शेजारी सरकतात. म्हणून आधीच सांगून टाकायचं की याचा अस्वच्छतेशी संबंध नाही, बॅगेच्या शिवणीत बसून ते कुणाच्याही खोलीत येऊ शकतात. मग टॉर्च घेऊन खाली वाकायचं. गादीच्या शिवणी, पलंगाच्या स्क्रूची भोकं, डोक्याकडच्या फळीची मागची बाजू, स्विचबोर्डच्या झाकणाची कड. शाईच्या पेनाने टोचल्यासारखे काळे ठिपके दिसले की शंका उरत नाही.

मुलाला ताबडतोब सामानासकट दुसऱ्या खोलीत हलवावं असं तुम्हाला वाटेल. तोही तेच मागेल. पण तपासणीआधी हलवलंत तर एकाच्या दोन खोल्या होतील. मी पहिल्या वेळी याहून मोठा शहाणपणा केला होता. गादी तशीच उघडी पॅसेजमधून जिन्यापर्यंत ओढत नेली. पुढे महिनाभर तो अख्खा मजला निस्तरत होते. आता गादी जागच्या जागी प्लास्टिकमध्ये बंद करते आणि दोन्ही बाजूंच्या, वरच्या नि खालच्या खोल्याही तपासून घेते. कपडे आणि चादरी ६० अंश सेल्सिअसला धुवायच्या. फवारणी करणाऱ्याने एकाच फेरीत काम झालं म्हटलं तर ऐकायचं नाही. फवारणीतून अंडी बऱ्याचदा वाचतात आणि आठवड्या-दहा दिवसांत फुटतात, त्यामुळे साधारण दोन आठवड्यांनी दुसरी फेरी हवीच. "खोली महिनाभर बंद ठेवू, उपाशी मरतील" हा सल्लाही कुणी ना कुणी देतोच. मोठा ढेकूण काही महिने उपाशी काढू शकतो.

हे सगळं शांतपणे पार पाडलंत की पुढच्या वेळी मुलं पहिल्याच चट्ट्याला येतात.

आता आग. १९ जानेवारी २००० च्या पहाटे अमेरिकेत न्यू जर्सीतल्या सेटन हॉल विद्यापीठाच्या बोलंड हॉल या वसतिगृहात आग लागली. तीन विद्यार्थी गेले, पन्नासहून अधिक लोक जखमी झाले. इमारतीत आग विझवणारे पाण्याचे स्प्रिंकलर नव्हते. त्याच वर्षी न्यू जर्सीने वसतिगृहांना ते सक्तीचे केले. पण मी नव्या सहकाऱ्यांना वेगळीच गोष्ट सांगते: त्याआधीच्या महिन्यांत तिथे खोटे अलार्म इतक्या वेळा वाजले होते की त्या पहाटेही अनेकांना तो तसलाच एक वाटला. इथेही गोष्ट नळासारखीच. आपल्या अलार्मवर कुणाचा विश्वास नसेल तर तो वाजतो, पण कुणी उठत नाही.

म्हणून आमच्याकडे खोटा अलार्म वाजला की दुसऱ्या दिवशी सकाळी फलकावर तीन ओळी लागतात: कुठे वाजला, कशामुळे वाजला, आम्ही काय केलं. कारणं तीच तीच असतात. बाथरूममधली वाफ, डिओडरंटचा फवारा, गॅलरीऐवजी खोलीत ओढलेली सिगारेट, करपलेलं भांडं. बाथरूमच्या दाराशेजारी सेन्सर बसवलेला असेल तर मुलांना रागावून उपयोग नाही, सेन्सर हलवायला हवा. खोल्यांच्या तपासणीत सेन्सरवर मोजा चढवलेला दिसेल, खुर्ची लावून उघडं ठेवलेलं अग्निरोधक दार दिसेल, एक्स्टेंशनमध्ये खोचलेलं दुसरं एक्स्टेंशन दिसेल. प्लगला हात लावून बघा, गरम लागतो. दंड करायचा तर करा, पण दोघांच्या खोलीत एकच सॉकेट कुणी ठेवला हाही प्रश्न विचारा. निदान एक सराव अंधार पडल्यावर घ्या. भर दुपारी घेतलेल्या सरावात सगळे शहाणे असतात.

रूममेटची भांडणं हा नव्या वॉर्डनचा सगळ्यात जास्त वेळ खाणारा विषय, आणि खरं सांगायचं तर त्यातली निम्मी आपणच लावून ठेवलेली असतात. पहिल्याच दिवशी आपण त्यांच्याकडून करारासारखा कागद भरून घेतो: दिवे किती वाजता बंद, पाहुणे चालतील का, अभ्यासाची वेळ कोणती. पहिल्या दिवशी सगळे "काहीही चालेल" असंच लिहितात. कुणालाच वाईट दिसायचं नसतं. मी तो कागद तिसऱ्या आठवड्यात भरायला लावते. तोवर एकाचा अलार्म पाच वेळा स्नूझ होतो हे दुसऱ्याला कळलेलं असतं, आणि पहिल्याला दुसऱ्याचे रात्री बाराचे व्हिडिओ कॉल पाठ झालेले असतात. मग कागदावर कामाची वाक्यं येतात. "एकमेकांचा आदर करू" असलं काही लिहिलं असेल तर मी कागद परत देते. "साडेअकरानंतर फोन बाहेर" हे चालतं.

काही गोष्टी मात्र मध्यस्थीच्या नसतात. छळ, धमकी, मारहाण, जबरदस्ती अशा वेळी दोघांना समोरासमोर बसवायचं नाही. सांगणाऱ्याला आधी सुरक्षित जागी हलवायचं आणि प्रकरण विद्यापीठाच्या ठरलेल्या यंत्रणेकडे द्यायचं. त्यासाठी दोन खोल्या कायम रिकाम्या ठेवा. प्रत्येक प्रवेशाच्या वेळी वरून विचारणा होईल, "या दोन का दिल्या नाहीत?" भांडा, पण ठेवा. पाइप फुटला, कांजिण्या निघाल्या, कुणाला रातोरात हलवायला लागलं, तर शंभर टक्के भरलेल्या इमारतीत तुम्ही काहीच करू शकत नाही.

सगळ्यात अवघड तो प्रसंग, जेव्हा कुणीतरी दार लावून घेतं आणि म्हणतं, "कुणाला सांगणार नाही ना?" वचन देऊ नका. मी म्हणते, "सगळ्यांना सांगत सुटणार नाही. पण तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका वाटला तर मदत करू शकेल अशा माणसाला सांगावं लागेल, आणि ते तुला सांगूनच करेन." आजवर हे ऐकून उठून गेलेलं कुणी आठवत नाही. मन खूप खचलेलं दिसलं तर आडून आडून विचारत बसू नका. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारता येतं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खरी नाही; विचारलं तर बोलणं मोकळं होतं. उत्तर हो आलं तर त्या व्यक्तीला एकटं सोडायचं नाही आणि समुपदेशक किंवा डॉक्टर यांना लगेच गाठायचं. उपचार करणं हे आपलं काम नाही. नऊ दिवस पलंगावर पडून असलेल्या त्या मुलीच्या बाबतीतही मी फक्त तिच्याबरोबर चालत आरोग्य केंद्रापर्यंत गेले आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

सुट्टीत काम नसतं असं बाहेरच्यांना वाटतं. उलट तेव्हा इमारत जास्त त्रास देते. न वापरलेल्या बाथरूमच्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे गटाराची हवा अडवणाऱ्या वाकड्या पाइपातलं, पाणी आटतं आणि गटाराची हवा थेट आत येते. मुलं परत आल्यावर "काहीतरी मेलंय" म्हणून तक्रार येते. उपाय म्हणजे प्रत्येक जाळीत अधूनमधून एक-दोन तांबे पाणी. पाइपांत साचून राहिलेलं पाणी त्याहून वाईट: कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात, आणि शॉवरच्या तुषारांतून ते फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून बंद खोल्यांचे नळ आणि शॉवर आठवड्यातून एकदा तुषार न उडवता सोडायचे आणि गरम पाण्याची टाकी ६० अंशांवर ठेवायची. हे करणाऱ्याची सही तारखेसकट घ्या.

नव्या तुकडीआधीच्या सफाईचं गणित आधी कागदावर मांडा. एका माणसाला एक खोली नीट करायला पाऊण तास धरला तर तीनशे खोल्यांना २२५ तास लागतात. सहा माणसं, दिवसाला प्रत्यक्ष कामाचे सात तास, म्हणजे जवळजवळ साडेपाच दिवस, आणि यात पॅसेज, जिने, बाथरूम धरलेलेच नाहीत. वरिष्ठ "तीन दिवस पुरतील ना?" म्हणतात तेव्हा हा कागद पुढे सरकवायचा.

किल्ल्यांबद्दल एवढंच: मास्टर की कुणाच्या खिशात घरी जाता कामा नये. वस्तूंची यादी विद्यार्थ्याच्या समोर करा, फोटो काढा, नंतर अनामत रकमेवरून वाद होत नाहीत.

आणि नोकरीचं पत्र हातात आल्यावर, सही करायच्या आधी: राहायची जागा कामासोबत मिळत असेल तर नोकरी सुटल्यावर ती किती दिवसांत सोडायची ते लेखी घ्या. रात्रीचा फोन आठवड्यातून किती रात्री तुमच्याकडे, आणि तेव्हा दुसऱ्या दिवशी उशिरा यायची मुभा आहे का, ते विचारा. सुट्टीच्या दिवशी तुम्ही इमारतीतच राहत असाल तर मुलं दार वाजवणारच. पहिल्या वर्षी मी प्रत्येक वेळी उघडायचे. आता दाराबाहेर एक पाटी असते. तिच्यावर त्या दिवशीच्या ड्यूटीवाल्याचा नंबर असतो, आणि तो फोन उचलतो की नाही हे मी महिन्यातून एकदा स्वतः लावून बघते.