जळगावात राहून सब्यसाचीचे चाहते व्हायचे असेल तर

जळगाव स्थानकातून भुसावळ, नागपूर करीत पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग थेट हावड्यापर्यंत पोहोचतो, आणि अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करीत पश्चिमेकडे निघालेला फाटा सुरतेजवळ उधन्याला जाऊन मिळतो. फॅशन डिझायनर सब्यसाची मुखर्जी यांच्या कपड्यांवर जीव जडलेल्या खानदेशी माणसाची सारी अडचण या दोन रुळांत सांगता येते, कारण अस्सल माल हावड्याच्या बाजूला, म्हणजे कोलकात्यात घडतो, आणि त्याची नक्कल सुरतेच्या बाजूने कितीतरी आधी आपल्या फुले मार्केटात येऊन टांगली जाते. शाळेत शिकवून मिळणाऱ्या पगारात मी दहाबारा वर्षे हे वेड सांभाळले आहे. या काळात जे शिकले, आणि जे पैसे घालवून शिकले, ते नव्या चाहत्यांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे लिहीत आहे.

सुरुवात नावापासून करावी. आपल्याकडे पुष्कळ लोक ‘सव्यसाची’ म्हणतात आणि ते चूकही नाही, कारण दोन्ही हातांनी बाण सोडणाऱ्या अर्जुनाचेच हे नाव आहे. बंगालीत ‘व’चा उच्चार ‘ब’ होतो, एवढाच काय तो फरक. तरीही लेबलावरील स्पेलिंग आणि दुकानातील उच्चार ‘सब्यसाची’ असाच असल्यामुळे तोच जिभेवर बसवावा.

त्यानंतर थोडा इतिहास माहीत करून घ्यावा, म्हणजे कपड्याकडे पाहताना तो एकटा दिसत नाही. मुखर्जी यांचा जन्म 1974 चा. कोलकात्याच्या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेतून शिक्षण संपवून त्यांनी 1999 मध्ये स्वतःचे काम सुरू केले. ‘ब्लॅक’ या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अनुष्का शर्मा यांचे 2017 चे आणि दीपिका पदुकोण यांचे 2018 चे लग्न झाल्यावर हे नाव खेड्यापाड्यांतील लग्नपत्रिका वाटणाऱ्या घरांपर्यंतही पोहोचले. जानेवारी 2021 मध्ये आदित्य बिर्ला समूहाच्या फॅशन कंपनीने 398 कोटी रुपयांना या व्यवसायाचा 51 टक्के हिस्सा घेतला, त्यामुळे आजचा सब्यसाची हा एका कलावंताचा कारखाना असण्याबरोबरच मोठ्या उद्योगसमूहाचा भागही आहे. चाहत्याने ही दुसरी बाजू विसरू नये, कारण वाढणारी दुकाने, चष्मे, पट्टे, दागिने, पिशव्या यांचा अर्थ तिच्याशिवाय लागत नाही.

खरे काम मात्र डोळा तयार करण्याचे आहे आणि त्यासाठी कपाटात एकही सब्यसाची असावा लागत नाही. कतरिना कैफ यांनी डिसेंबर 2021 मध्ये लग्नात नेसलेल्या लाल लेहंग्याचे उदाहरण घेऊ. तो हातमागावरच्या मटका रेशमाचा होता आणि त्याला जरदोजी, म्हणजे धातूच्या तारेचे भरतकाम, भरलेला मखमली काठ होता. मटका रेशीम म्हणजे तुतीच्या रेशमातील तुटक, आखूड धागे हाताने कातून केलेले सूत, आणि आखूड धागा म्हटल्यावर खानदेशातील कापूसवाल्या घराला फार समजावून सांगावे लागू नये. अशा सुतात जाड-बारीक गाठी राहतात, कापड किंचित खरखरीत होते आणि उजेड परत फेकण्याऐवजी आत शोषून घेते. त्या लाल रंगाला जे वजन आले होते ते या मंद पोतामुळे. त्या लेहंग्याच्या म्हणून ज्या नकला मी आपल्या बाजारात पाहिल्या त्या सगळ्या चकचकीत साटनच्या होत्या. नक्षी हुबेहूब उचललेली, काठाची रुंदीही तीच, आणि तरीही दहा पावलांवरून फरक कळत होता, कारण नक्कल करणाऱ्याने चित्र पाहिले होते, कापड पाहिले नव्हते.

म्हणून छायाचित्र पाहताना आधी नक्षीकडे न पाहता पोताकडे पाहण्याची सवय लावावी. सुती, खादी, टसर, मटका, ऑर्गन्झा, मखमल यांचे वीतवीत तुकडे कापडाच्या दुकानांतून मिळवून एका वहीत टाचून ठेवावेत आणि खिडकीशी, दिव्याखाली, उन्हात असे तिन्ही ठिकाणी पाहावेत. माझ्या वहीत असे 23 तुकडे आहेत. त्यांतला माझा सर्वांत आवडता तुकडा आजीच्या विटलेल्या सुती लुगड्याचा आहे, जो कोणत्याही दुकानात मिळणार नाही.

भरतकाम ओळखायचे असेल तर कपडा उलटा करावा. जरदोजीत दबका, सलमा यांसारखी धातूची बारीक स्प्रिंग हव्या त्या लांबीची कापून मण्यासारखी सुईत ओवतात, त्यामुळे धातू वरच राहतो आणि मागे फक्त दोऱ्याचे टाके व गाठी दिसतात, त्याही थोड्या वेड्यावाकड्या, कारण त्या माणसाच्या हाताच्या असतात. यंत्रावरच्या कामात मागच्या बाजूला बॉबिनचा एकाच रंगाचा दोरा सारख्या अंतराने दिसतो आणि बहुधा कागदासारखे पांढरे अस्तर चिकटलेले असते. हे मला कळले ते अशा रीतीने की, तीन वर्षांपूर्वी मोबाइलवरील एका जुन्या कपड्यांच्या पानावरून ‘एकदाच नेसलेली, अस्सल’ अशी ओढणी मी 14,000 रुपयांना मागवली. लेबल व्यवस्थित होते, त्यावर सब्यसाचीचे वाघाचे चिन्हही होते. ओढणी उलटी केली तेव्हा काठामागे तेच पांढरे अस्तर होते, आणि एका कोपऱ्यात ते सुटून दुधावरच्या सायीसारखे वर आले होते. विक्रेत्याने त्यानंतर फोन उचलला नाही. आजीने मात्र ओढणीकडे न पाहता फक्त किंमत विचारली आणि म्हणाली, “इतला पैसामा ते म्हैस ई जाती!” (एवढ्या पैशांत तर म्हैस आली असती!) तेव्हापासून माझा नियम असा आहे की, मूळ दुकानाचे बिल आणि मागच्या बाजूचे स्पष्ट छायाचित्र मिळाल्याशिवाय वापरलेला कपडा घ्यायचा नाही, आणि विक्रेता ‘बिल हरवले’ म्हणाला तर बोलणे तिथेच थांबवायचे.

फुले मार्केटात ‘सब्यसाची पॅटर्न’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या मालाबद्दल माझे मत तितके कडक नाही. ज्या मुलीला चार-पाच हजारांत लाल लेहंगा नेसून बोहल्यावर उभे राहायचे आहे, तिने तो जरूर घ्यावा, तो तिच्या आनंदाचा आणि तिच्या बापाच्या खिशाचा प्रश्न आहे. पण धाटणी उचलणे आणि खोटे लेबल लावणे यांत भेद करावा. दुसऱ्याचे व्यापारचिन्ह बनावट लावून माल विकणे हा 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली गुन्हा असून त्याला 6 महिने ते 3 वर्षे कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड आहे, त्यामुळे वाघाचे चिन्ह शिवलेली ‘फर्स्ट कॉपी’ स्वतःला चाहता म्हणवणाऱ्याने तरी घेऊ नये. शिवाय सुरतेला सरसकट नक्कलवाली ठरवणे अन्यायाचे होईल, कारण चांदीची तार ओढून, रेशमावर गुंडाळून, तिला सोन्याचा मुलामा देण्याची खरी जरीची कला त्याच शहरात पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहे आणि सुरतेच्या जरीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. उधन्याच्या फाट्यावरून अस्सल वस्तूही येतात, फक्त त्या ओळखाव्या लागतात.

आता प्रत्यक्ष दुकानात जाण्याविषयी. मुंबईत फोर्टमध्ये हॉर्निमन सर्कलला 2023 मध्ये उघडलेले दालन सुमारे 25,000 चौरस फुटांचे आहे आणि ते एका जुन्या बँकेच्या इमारतीत आहे. जळगावहून रात्रीच्या गाडीने निघावे, सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरावे, तेथून पायी पंधरा-वीस मिनिटांत एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांपर्यंत पोहोचता येते आणि दालन समोरच्या वर्तुळात आहे. पहिल्या वेळी मी त्या पायऱ्यांवर अर्धा तास बसून राहिले होते, कारण दारावरचा माणूस आपल्याला विचारील की काय घ्यायचे आहे, ही भीती होती. त्याने काही विचारले नाही. दार उघडले आणि नमस्कार केला. आत गेल्यावर “मला आज काही घ्यायचे नाही, पण काम पाहायची फार इच्छा आहे,” असे सरळ सांगावे. खोटे लग्न ठरवून सेल्समनला दोन तास लेहंगे उलगडायला लावणे हे त्याच्या वेळेची चोरी आहे. लग्नाचे कपडे खरोखरच घ्यायचे असतील तर आधी फोन करून वेळ ठरवावी. हातात पाण्याची बाटली किंवा खाण्याचे काही ठेवू नये, अंगठीचा खडा जरीत अडकणार नाही याची काळजी घ्यावी, छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे. गर्दी टाळण्यासाठी आठवड्याचा मधला दिवस बरा. मजले चढताना कपड्यांइतकेच भिंतींकडे पाहावे, कारण जुनी चित्रे, गालिचे, झुंबरे यांतून जे जुने कलकत्ता उभे केलेले आहे, तेच लेहंग्याच्या रंगांतही उतरलेले असते.

पैशाचे गणित भावनेच्या आधी करावे. दर हंगामाला बदलणाऱ्या किमती येथे देण्यात अर्थ नाही, मात्र नववधूचा लेहंगा लाखांत जातो हे धरूनच चालावे. मी सहा वर्षे भिशीचे पैसे बाजूला ठेवून एकच साडी घेतली. कर्ज काढून किंवा हप्त्यांवर अशी वस्तू घेऊ नये, हे मी शाळेतील नव्या शिक्षिकांना स्पष्टपणे सांगते. दागिन्यांच्या बाबतीत जळगावकरांना वेगळी सावधगिरी हवी. सराफ बाजारात वाढलेला आपला डोळा आधी वजन, मग दर, मग घडणावळ असा चालतो, तर या ब्रँडच्या दागिन्यात हातकाम, खडे आणि नाव यांचा वाटा मोठा असतो. तो दागिना उद्या मोडायला नेला तर आपला सराफ त्यातील सोन्याचेच पैसे देणार, नावाचे देणार नाही. हौस म्हणून घ्यायचा असेल तर घ्यावा, बचत म्हणून घेऊ नये.

चाहत्याने टीका करण्याची हिंमतही ठेवावी. ऑगस्ट 2021 मध्ये सब्यसाचींनी एच अँड एम या परदेशी कपड्यांच्या कंपनीबरोबर काढलेली स्वस्त मालिका, जिच्यातील साडी 9,999 रुपयांना होती, काही मिनिटांत संपली. ती संपल्याचे कौतुक मीही त्या दिवशी केले. पुढे हस्तकलेच्या क्षेत्रातील संस्थांनी जाहीर पत्र लिहून विचारले की, राजस्थानातील सांगानेरच्या हातछपाईच्या वळणाच्या नक्ष्या यंत्रावर छापून कारागिरांना काय मिळाले, आणि तो प्रश्न मला रास्त वाटला, कारण हस्तकलेच्या नावावर उभ्या राहिलेल्या माणसाला तो विचारायचा नाही तर कोणाला? तसेच 2018 मध्ये हार्वर्डच्या एका परिषदेत, साडी नेसता येत नाही असे सांगणाऱ्या भारतीय स्त्रियांना त्यांनी लाज वाटायला हवी असे सुनावले होते आणि नंतर त्या शब्दाबद्दल माफी मागितली. आपल्याकडे बाया साडीचा ओचा खोचून भर उन्हात कापूस वेचतात आणि त्यांच्या मुली स्कूटीवरून सलवार-कुडत्यात कॉलेजला जातात. या दोघींनाही साडीवरील व्याख्यानाची गरज नाही. माफी मी स्वीकारली, ते बोलणे लक्षात ठेवले, आणि साडीवरचे प्रेमही कमी होऊ दिले नाही.

वस्तू घरी आलीच, तर तिची निगा राखणे हा शेवटचा आणि सर्वांत लांब चालणारा भाग आहे. प्लास्टिकच्या पिशवीत कपडा कोंडू नये, कारण पावसाळ्यातील दमट हवा आत अडकते आणि जरी काळवंडते. अत्तर किंवा स्प्रे जरीवर उडवू नये, डांबराच्या गोळ्या कपड्याला लागतील अशा ठेवू नयेत. त्याऐवजी वाळवलेला कडुलिंबाचा पाला आणि लवंगा पुरचुंडीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवाव्यात. रबरबँड तर जवळपासही नको, त्यातील गंधकाने चांदी काळी पडते. जड लेहंगा हँगरला लटकवून ठेवल्यास कापड स्वतःच्याच वजनाने ओढले जाते, म्हणून तो आडवा ठेवावा. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा 45 अंशांच्या वर जातो, तेव्हा पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या लोखंडी कपाटात रेशीम ठेवू नये, ती भिंत रात्रीपर्यंत तापलेली असते. दर तीन महिन्यांनी साडी सावलीत उलगडावी आणि घडी नव्या जागी मोडावी, नाहीतर जुन्या घडीवर जरी तुटते. माझी साडी मी आजीच्या लुगड्यात गुंडाळली आहे. वहीतला तुकडा कापून घेतल्यावर जे लुगडे उरले, तेच हे. बिल त्याच्या आतल्या घडीत असते.