‘वेगळा कोण?’ वर्गात घेताना या चुका टाळा

फळ्यावर चार शब्द लिहायचे आणि गटात न बसणारा कोणता ते मुलांनी ओळखायचं. खडू सोडला तर साहित्य लागत नाही, परिपाठानंतरच्या पाच-दहा मिनिटांत सहज होतो. त्यामुळे पहिली ते चौथीच्या वर्गात हा खेळ सगळेच घेतात. पण बऱ्याच ठिकाणी उत्तर, टाळ्या, पुढचा प्रश्न एवढ्यावरच तो उरकतो. मुलं पटापट उत्तरं देतात, तरी ‘का?’ विचारलं की गप्प होतात, अशी तक्रार मग शिक्षकच करतात. दोष बहुतेक वेळा आपण काढलेल्या प्रश्नात किंवा विचारण्याच्या पद्धतीत असतो.

उत्तर आलं की थांबणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. द्राक्ष, कांदा, डाळिंब, टोमॅटो हे चार शब्द घ्या. नाशिकच्या कुठल्याही वर्गात ‘कांदा!’ असा एका सुरात गलका होईल. खरं काम इथून पुढे आहे. कांदा का? कोणी म्हणेल, तो जमिनीत येतो. कोणी म्हणेल, चिरताना रडवतो. लासलगावकडचं पोरगं म्हणेल, साठवायला कांद्यालाच चाळ असते, बाकीच्यांना नसते. तिन्ही कारणं चालतात.

आता विचारा: कांदा सोडून दुसरा कोण वेगळा ठरेल? डाळिंब, कारण त्याचे दाणेच खातो. द्राक्ष, कारण त्यालाच मांडव लागतो. या दुसऱ्या कारणावर पिंपळगावचं एखादं मूल उठून सांगेल, ‘आमच्या टोमॅटोलापण बांबू नि तार बांधतात.’ झालं, कारण पडलं. पण द्राक्ष अजून पडलेलं नाही. बेदाणे फक्त द्राक्षाचे होतात, असं कोणी म्हणालं की ते पुन्हा उभं राहतं.

कारण तपासायची कसोटी मुलांना पहिल्याच दिवशी द्यावी: जे बाकी तिघांत आहे ते याच्यात नाही, किंवा जे याच्यात आहे ते तिघांपैकी कोणातच नाही. ‘टोमॅटो लाल असतो’ हे वाक्य खरं आहे, पण डाळिंबही लाल असतं, म्हणून ते कारण होत नाही. ‘मला कांदा आवडत नाही’ हेही कारण नाही. ती आवड झाली. खरं वाक्य आणि लागू पडणारं कारण यांतला हा फरक तिसरीतल्या मुलाला कळला, तर माझ्या मते वर्षभराचा खेळ वसूल झाला.

अक्षरांवरून दिलेलं उत्तर झिडकारणं

गोदावरी, दारणा, कादवा, गिरणा. शिक्षकाच्या मनात गिरणा असते, कारण दारणा आणि कादवा गोदावरीला मिळतात, तर गिरणा खानदेशात जाऊन तापीला मिळते. मूल मात्र म्हणतं, गोदावरी, कारण तिच्यात चार अक्षरं आहेत. दुसरं म्हणतं, कादवा, तिच्यात ‘र’ नाही. हा चावटपणा समजू नका, दोन्ही कारणं कसोटीला उतरतात. ती फळ्यावर लिहा आणि पुढचा प्रश्न टाका: आता अक्षरांकडे न बघता नद्यांकडे बघून सांगा. गोदावरी इथेही टिकते, चौघींत थेट समुद्राला मिळणारी ती एकटीच. सुरुवातीलाच ‘चूक’ म्हटलं, तर ते मूल पुढच्या वेळी तुमच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर शोधेल.

अनोळखी शब्द

पियानो, व्हायोलिन, गिटार, तबला हा संच छापील पुस्तकात शोभतो. सुरगाणा-पेठच्या वर्गात त्याने विचारशक्तीऐवजी शब्दसंग्रह तपासला जातो. तिथे पावरी, तारपा, बासरी, संबळ घ्या; तीन फुंकायची, एक बडवायचं. घरी कोकणा बोलणाऱ्या मुलांना कारण आधी आपल्या बोलीत सांगू द्या. मराठीत ते नंतर मांडता येईल.

चित्रं वापरत असाल तर आकार आणि रंग सारखे ठेवा. तीन चित्रं काळी-पांढरी आणि एक रंगीत असेल, तर मुलं रंग बघून मोकळी होतात.

शिष्यवृत्तीची भीती

‘परीक्षेत एकच पर्याय बरोबर असतो, मग मुलांना चार उत्तरं कशाला शिकवता?’ हा प्रश्न पालकसभेत हमखास येतो. रास्त आहे. शिष्यवृत्तीच्या दुसऱ्या पेपरात बुद्धिमत्ता चाचणीचे 50 प्रश्न आणि 100 गुण असतात, आणि गटात न बसणारे पद ओळखणं हा त्यातला ठरलेला प्रकार. म्हणून सगळी कारणं काढून झाली की एक प्रश्न वाढवा: ‘प्रश्न काढणाऱ्याच्या मनात कोणतं असेल?’ उदाहरणार्थ 7, 14, 21, 25. सात हा एकच एक अंकी, 14 एकटाच सम, 21 ला तीनने भाग जातो, 25 सातच्या पाढ्यात नाही. चारही बरोबर आहेत. पण परीक्षेत 25, कारण उरलेल्या तिघांना बांधणारा सगळ्यात पक्का धागा सातचा पाढा आहे. चारही वाटा पाहिलेलं मूल यातली निवड विचार करून करतं.

तीच ती चार मुलं बोलतात

तोंडी उत्तर बंद करा. आधी सगळ्यांनी पाटीवर लिहायचं, मग पाट्या वर. किंवा वर्गाचे चार कोपरे चार शब्दांना द्या. मुलं आपापल्या कोपऱ्यात जातात, आपसांत कारण ठरवतात आणि एकजण सांगतो. दुसऱ्याचं कारण पटलं तर कोपरा बदलायची मुभा हवी. लाजरी मुलं इथे पायांनी मत देतात. ‘बाकीचे तिघे …, पण हा … नाही’ हे अर्धं वाक्य फळ्यावर असलं की तीही बोलती होतात. द्विशिक्षकी शाळेत पहिलीच्या मुलाला चौथीचा जोडीदार द्या, फक्त कारण पहिलीच्याने सांगायचं.

माणसं आणि ताटं

वरण, भात, भाजी, खेकडे असा संच करू नका. कोणाच्या तरी घरचं रोजचं जेवण ‘गटात न बसणारं’ ठरतं. पोशाख, आडनावं, सण यांच्या बाबतीतही तेच.

प्रश्न नेहमी शिक्षकानेच काढणं

दिवाळीनंतर मुलांना संच बनवायला लावा. पहिले संच आंबा, केळी, पेरू, बस असे येतील. हरकत नाही. मग अट घाला: निदान दोन वेगळी उत्तरं निघाली पाहिजेत. ‘बस’च्या जागी काय ठेवायचं यावर जी वादावादी होईल, ती मध्येच थांबवू नका, तास संपत आला तरी.