ईईजीवरून अल्झायमर ओळखणारा प्रकल्प करताय? या चुका टाळा

‘मॅडम, ९८ टक्के अचूकता आली!’ असं सांगत कुणी ईईजीचा, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून घेतलेल्या मेंदूच्या विद्युत लहरींच्या नोंदीचा, प्रकल्प दाखवायला आलं की मी आधी एकच विचारते: एकाच माणसाच्या नोंदीचे तुकडे ट्रेनिंग (ज्यावरून संगणकाचं मॉडेल शिकतं) आणि टेस्ट (ज्यावर त्याची परीक्षा होते), दोन्हीकडे गेलेत का? बहुतेकदा गेलेलेच असतात.

ग्रीसमधल्या थेसालोनिकीचा खुला डेटासेट घ्या. त्यात ८८ जण आहेत: ३६ अल्झायमरचे, २३ फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाचे (मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागांचा वेगळा आजार) आणि २९ निरोगी. माणशी सरासरी तेराएक मिनिटांची, डोळे मिटून घेतलेली नोंद. तिचे चार-चार सेकंदांचे तुकडे पाडले की माणशी जवळपास २०० नमुने होतात. ते सरसकट पिसून वाटले, की मॉडेल आजार शिकतच नाही, माणसं ओळखायला शिकतं. प्रत्येकाच्या कवटीची जाडी, इलेक्ट्रोड बसण्याची तऱ्हा, अल्फा लहरींचा (डोळे मिटून स्वस्थ असताना उमटणाऱ्या) स्वतःचा वेग, हे सगळं त्या २०० तुकड्यांत सारखंच असतं. म्हणून वाटणी माणसांची करा, तुकड्यांची नव्हे. सायकिट-लर्न या पायथनच्या मशीन लर्निंग लायब्ररीतलं ग्रुप-के-फोल्ड नेमकं यासाठीच आहे. नॉर्मलायझेशन (आकडे एका मापात आणणं) आणि फीचर-निवडसुद्धा (मॉडेलला कोणती मापं द्यायची ते) फक्त ट्रेनिंगच्या माणसांवरून ठरवा. आकडा घसरेल. घसरू द्या, खरा तोच आहे. आणि नुसती अचूकता सांगू नका. अल्झायमर विरुद्ध निरोगी अशा ६५ जणांत सगळ्यांनाच आजारी म्हटलं तरी ५५ टक्के मिळतात! किती रुग्ण सापडले आणि किती निरोगी माणसांना उगाच आजारी ठरवलं, हे वेगवेगळं लिहा.

स्वतः नोंद घेणार असाल, तर मोठा धोका डुलकीचा. अल्झायमरमध्ये ८ ते १३ हर्ट्झच्या (सेकंदाला इतक्या वेळा उमटणाऱ्या) अल्फा लहरी मंदावतात, ४ ते ८ हर्ट्झच्या थीटा वाढतात. डोळे मिटून पडलेल्या आजोबांना पेंग आली की तेच घडतं. म्हणून तंत्रज्ञाने अधूनमधून हाक मारावी, पेंगेचा भाग खूण करून वेगळा काढावा. झोपेच्या गोळ्या आणि काही ॲलर्जीची औषधंही लहरी बदलतात, तेव्हा औषधांची यादी लिहून घ्याच. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करायला सांगू नका. ते डॉक्टरांनी ठरवायचं.

डोक्याला तेल नको. आदल्या दिवशी केस शाम्पूने धुतलेले असावेत, नाहीतर इलेक्ट्रोडचा संपर्क बिघडतो. कपाळाकडच्या संथ लहरी पुष्कळदा मेंदूच्या नसून नुसत्या पापण्यांच्या हालचालीच्या असतात.

आता मला सर्वांत जास्त टोचणारी चूक: ‘लहरी मंद, म्हणजे अल्झायमर.’ जर्मन मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाचा पहिला ईईजी नोंदवला आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीलाच अल्झायमरच्या रुग्णातला हा मंदपणा त्यांना दिसला होता. तरीही निदान एकट्या ईईजीवर होत नाही, कारण थायरॉईडची कमतरता, बी-१२ चा अभाव, यकृताचे किंवा मूत्रपिंडाचे विकार यांतही लहरी मंदावतात. उलट अल्झायमरच्या सुरुवातीला ईईजी अगदी नॉर्मलही येऊ शकतो. तेव्हा प्रकल्पाच्या पडद्यावर ‘अल्झायमर आहे’ अशी लाल अक्षरं झळकवू नका. ‘लहरी मंद आहेत, न्यूरॉलॉजिस्टना दाखवा’ इतकंच लिहा. बी-१२ कमी असल्यामुळे विसरायला लागलेल्या आजीला इंजेक्शनांनी बरं वाटू शकतं, आणि तिच्या घरच्यांनी तुमचा पडदा पाहून तो शोध तिथेच थांबवायला नको.