हुरडा खायला एका दिवसात जाऊन यायचं तर कसं ठरवायचं

डिसेंबर लागला की प्रत्येक ग्रुपवर तोच मेसेज येतो, हुरड्याला कधी जायचं, आणि मग आठवडाभर सगळे आपापल्या सुट्ट्या जुळवत बसतात, कुणाचं लग्न, कुणाची पोरांची परीक्षा, कुणाला रविवारच पाहिजे, शेवटी कशीबशी एक तारीख निघते आणि शेतावर पोचल्यावर कळतं की हुरडा गेल्याच आठवड्यात संपला, आता दाणा टणक झालाय, पिठलं-भाकरी खा आणि जा. माझं सरळ म्हणणं आहे की ही ट्रिप आपल्या सुट्टीप्रमाणे ठरवायचीच नाही, कणसाप्रमाणे ठरवायची. बाकी सगळं त्यानंतर.

आधी सीझन समजून घ्या

हुरडा म्हणजे रब्बी ज्वारीचा कोवळा दाणा. ही ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, बऱ्याच ठिकाणी निव्वळ जमिनीतल्या ओलीवर येते, आणि पेरल्यापासून साधारण तीन-सव्वातीन महिन्यांनी दाणा हुरड्यात येतो. म्हणजे मोठा हिशोब डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत, पेरणी उशिरा झाली असेल तर फेब्रुवारीचे पहिले काही दिवस. पण रानाच्या एका तुकड्याचा हुरडा टिकतो जेमतेम आठवडा-दहा दिवस, त्याच्या आधी दाण्यात नुसतं दूध असतं आणि नंतर ती सरळ ज्वारी होते. ज्यांचा हुरड्याचा धंदाच आहे ते म्हणूनच टप्प्याटप्प्याने पेरतात, एक तुकडा आज, दुसरा पंधरवड्याने, म्हणजे महिना-दीड महिना कुठे ना कुठे कोवळं कणीस मिळत राहतं. परतीचा पाऊस लांबला की पेरण्याही लांबतात, त्यामुळे गेल्या वर्षी अमुक तारखेला गेलो होतो तर यंदाही तेव्हाच जाऊ, हे चालत नाही.

म्हणून पहिली स्टेप ही की दोन तारखा हातात ठेवा, एक नक्की आणि एक राखीव, आणि निघायच्या तीन-चार दिवस आधी शेतावर पुन्हा एक फोन करा. बुकिंग झालंय म्हणून निवांत राहू नका.

फोनवर काय विचारायचं

पुण्यातून निघालात तर नगर रोडला आणि सोलापूर रोडला या दिवसांत हुरडा पार्टीचे बोर्ड पावलोपावली दिसतात, नगर, सोलापूर, बीड, छत्रपती संभाजीनगर या बाजूला तर घरोघर हुरडा असतो. बोर्डाच्या साइजवरून काही ठरवू नका. झोपाळे, बैलगाडी, ट्रॅक्टरची चक्कर, पोरांसाठी घोडा, हे सगळं सांगतील, चांगलंच आहे, पण तुमचा पहिला प्रश्न असा पाहिजे की कणसं तुमच्याच रानातली आहेत का बाहेरून येतात, आणि तोडणार कधी. आदल्या दिवशी तोडून पोत्यात भरून ठेवलेल्या कणसाची गोडी उतरते आणि दाणा चिवट लागतो. रानातून तोडून तासाभरात आगटीत, म्हणजे भाजायच्या निखाऱ्याच्या खड्ड्यात, गेलेलं कणीस ज्याने एकदा खाल्लं त्याला फरक सांगायला लागत नाही.

दुसरा प्रश्न वाणाचा. सुरती, गूळभेंडी, कुचकुची ही हुरड्याची जुनी नावं, आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी काढलेले फुले उत्तरा आणि फुले मधुर हे वाण. यातलं एखादं नाव समोरचा पटकन बोलला तर समजा की त्याला हुरडा कळतो. मालदांडी, म्हणजे मंगळवेढ्याकडची भाकरीची ज्वारी, म्हणाला तर ती वाईट अजिबात नाही, भाकरीला तिच्यासारखी ज्वारी नाही, मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय ते उगाच नाही, पण हुरड्याला तिचा दाणा बोंडातून, म्हणजे वरच्या टरफलातून, गूळभेंडीसारखा पटकन सुटत नाही आणि चोळणाऱ्याचा जीव जातो.

मग पैशाचं. माणशी रेट आहे का, त्यात नुसता हुरडा का जेवण पण, हुरडा पाहिजे तेवढा का मोजून, लहान मुलांचं काय, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या म्हणजे तिथे वाद नको. आणि टॉयलेट कसं आहे हे न लाजता विचारा, बायका आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर हा प्रश्न वाणापेक्षा महत्त्वाचा आहे.

निघायचं कधी, घालायचं काय

सकाळी लवकर. थंडीत उठवत नाही हे मान्य, पण हुरड्याची मजा ऊन तापायच्या आत आहे, साडेनऊ-दहाला आगटीपाशी पोचलात तर बरं. लवकर निघाल्याचा अजून एक फायदा म्हणजे वाटेत नीरा मिळते. शिंदीच्या झाडाची नीरा पहाटे उतरवतात आणि ऊन वर येईल तशी ती आंबायला लागते, म्हणून ती सकाळीच आणि अधिकृत केंद्रावरच प्या, दुपारी रस्त्याकडेला प्लॅस्टिकच्या कॅनमधली कुणी देऊ केली तर सोडून द्या.

घरून नाश्ता अगदी हलका. वाटेत मिसळ दिसली की गाडी आपोआप बाजूला लागते, मला माहितीये, पण मिसळ खाऊन गेलेला माणूस दोन मुठी हुरड्यात गार होतो. कपडे सुती आणि जुने, कारण राख उडते, ठिणग्याही उडतात. ज्वारीची कूस, म्हणजे बारीक कुसळं, अंगाला लागली की खाज सुटते म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट बरा. धुराचा त्रास असणाऱ्याने वारा कुठून येतोय ते बघून बसावं.

आगटीपाशी

जमिनीत एक छोटा खड्डा, त्यात गोवऱ्या पेटवलेल्या, धूर निघून गेला आणि लालभडक निखारा राहिला की आगटी तयार. कणसं त्या गरम राखेत-निखाऱ्यात खोचतात, दांडा बाहेर ठेवून, आणि मधूनमधून फिरवतात. काही मिनिटांचं काम आहे पण नजर हलवायची नाही. वरची बोंडं काळी पडून आतला दाणा हिरवाच राहिला पाहिजे. मग चोळणारा माणूस ते गरम कणीस उचलतो, दोन तळहातांत धरून चोळतो, दाणे खाली ताटात किंवा सुपात पडतात, पाखडून आणि फुंकर मारून बोंडं उडवली जातात आणि हिरवेगार, वाफाळते दाणे तुमच्या पुढ्यात. हे चोळणं एकदा स्वतः करून बघा, पहिल्याच कणसाला हात भाजतो आणि त्या माणसाबद्दल आदर वाढतो.

कणीस बरोबर आहे का ते भाजायच्या आधी बघता येतं. एक दाणा काढून नखाने दाबा. पांढरं दूध उडालं तर अजून कोवळा आहे, भाजल्यावर आक्रसून जाईल. मऊ लागून आतून चिकट गोळा निघाला तर हाच हुरडा. नख रुतलंच नाही तर तो गेला, दुसऱ्या तुकड्यातलं कणीस मागा, मागायला काही हरकत नाही, चांगला शेतकरी स्वतःच बदलून देतो.

खायचा गरमच, ताटात ढीग करून ठेवू नका, गार झाला की निम्मी चव गेली. बरोबर शेंगदाण्याची चटणी, लसणाची, जवसाची, कुठे कारळाची, गूळ, गोडीशेव, रेवड्या, आणि त्या दिवसांत रानात असेल ते सगळं, बोरं, हरभऱ्याचे डहाळे, ऊस, पेरू. सोलापूरकडची कुटलेली शेंगा चटणी मिळाली तर बाकीच्या वाट्या बाजूला सरकवा. हुरड्यावर जुनी माणसं पाणी पिऊ देत नाहीत, ताकच देतात, आणि ते ऐकलेलं बरं, कारण हुरडा खाताना कळत नाही पण पोटात जाऊन बसतो. म्हणूनच जेवण लावायची घाई करू नका, अकराला हुरडा झाला तर जेवण दोनच्या पुढे सांगा, मधल्या वेळात रानात फिरा. फिरताना उभ्या पिकात घुसायचं नाही, बांधावरून चालायचं, आणि फोटोसाठी कणसं मोडायची नाहीत. पाखरं हाकायला गोफण मिळाली तर पोरांना रिकाम्या बाजूला तोंड करूनच फिरवू द्या.

सणाशी जोडायचं असेल तर

इथे खरी गंमत आहे, कारण हुरड्याचे दिवस आणि सणाचे दिवस एकच आहेत. लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या काही भागात वेळ अमावस्या असते, येळवस म्हणतात, मार्गशीर्षातली अमावस्या. शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, करतात, आत पांडवांची पूजा, आणि सगळं गाव रानात जेवायला, शहरातले लोकसुद्धा, लातूरचे रस्ते त्या दिवशी अक्षरशः ओस पडतात. जेवणात भज्जी (ताक-बेसनात शिजवलेली मिसळ भाजी), उंडे (पिठाचे उकडलेले गोळे), खीर आणि माठातली आंबील, ज्वारीचं पीठ आणि ताक घालून केलेली, उन्हात प्यायली की माणूस तिथेच आडवा होतो. ओळखीच्या एका माणसाचं शेत पुरे, कुणी उपाशी परत पाठवत नाही. फक्त कॅलेंडर बघून जा, कारण तारीख फिरते, २०२४ मध्ये तर ती ११ जानेवारीला आली आणि पुन्हा ३० डिसेंबरला. या दिवशी पैसे देऊन जायचं नसतं, पाहुणा म्हणून जायचं असतं, तेव्हा जाताना घरासाठी फळं, मिठाई काहीतरी न्या आणि पूजा झाल्याशिवाय ताटावर बसू नका.

दुसरी संधी संक्रांत. भोगीला बाजरीची भाकरी, तीळ लावलेली, आणि सगळ्या हिवाळी भाज्यांची मिसळून केलेली भाजी, त्या दिवशी हुरड्याच्या शेतावर गेलात तर आधीच सांगून भोगीचं जेवण मागा, बरेच जण आनंदाने करतात. सोलापूरला याच दिवसांत ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा असते, लोक गड्डा म्हणतात, नंदीध्वजांची मिरवणूक, ६८ लिंगांना तैलाभिषेक, अक्षता सोहळा म्हणजे सिद्धेश्वरांचं प्रतीकात्मक लग्न. सोलापूर जवळ असेल तर सकाळी हुरडा आणि संध्याकाळी गड्डा असा दिवस छान बसतो. पुण्याहून मात्र एका बाजूचंच अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे, दोन्ही एका दिवसात करायचा हट्ट धरू नका, ड्रायव्हरचे हाल होतात.

परतताना

वाटेत गुऱ्हाळ चालू दिसलं तर थांबा, हाच त्यांचाही सीझन. मोठ्या काहिलीत रस उकळतोय, वर आलेली मळी काढतायत, आणि गुळव्या पाक बोटाने चाखून-बघून ठरवतो की उतरवायचा कधी. कामाची वेळ असते, मध्ये उभे राहू नका, काहिलीपासून पोरांना लांब ठेवा. ताजा गरम गूळ आणि काकवी विकत मिळते, बाटली घरून नेली असेल तर उत्तम, गळकं झाकण असेल तर डिकीला मुंग्या लागतील.

हुरडाही पार्सल मिळतो, पण भाजलेला घेऊ नका, घरी पोचेपर्यंत चामट होतो. कच्चा, चोळून साफ केलेला मागा, कापडी पिशवीत न्या आणि घरी गेल्या-गेल्या डब्यात भरून फ्रीझरमध्ये टाका. नंतर तव्यावर थोडं तेल, मीठ, लसूण टाकून परता, नाहीतर थालीपिठाच्या पिठात जाडसर वाटून घाला, आगटीची चव येणार नाही पण थालीपीठ फक्कड होतं.