स्टेरॉइडची गोळी घरी नेल्यावर

मिरजेच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन कुणी दुकानात आलं की मी पैसे सांगायच्या आधी पेन काढतो. चिठ्ठीवर प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडची गोळी, ‘40, मग 30, मग 20’ मिलिग्रॅम असा उतरता डोस असतो आणि एकाच कंपनीच्या पट्ट्या दिसायला जुळ्या बहिणी. म्हणून प्रत्येक पट्टीच्या मागे मार्करने तारखा घालून घ्या, कधीपासून कधीपर्यंत ते.

गोळी सकाळी आठच्या सुमारास, नाश्ता झाल्यावर घ्या. नुसत्या चहावर नको. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, सकाळीच सर्वांत जास्त असतं, त्या वेळेला गोळी जुळते. संध्याकाळी घेतली तर रात्रभर टक्क जागे राहाल. सकाळी विसरलात तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या, पण दुसऱ्या दिवशी दोन एकदम नकोत. गोळीचं औषध पेशीत शिरून जनुकांचं काम बदलतं, त्याला काही तास लागतात. तासाभरात फरक नाही म्हणून वर आणखी एक टाकू नका.

खरा घोळ होतो तो बंद करताना. तासगावकडचे एक द्राक्षवाले काका म्हणाले, “सांधं मोकळं झालं की, आता कशाला खाऊ?” बाहेरून आयता माल येतोय म्हटल्यावर मेंदूकडून मूत्रपिंडावरच्या ग्रंथींना निरोप जाणं थांबतं आणि त्या सुस्तावतात. तीन-चार आठवड्यांहून जास्त गोळी चालली असेल आणि एकदम थांबवली, तर अंगातलं त्राण जातं, उलट्या होतात, बीपी घसरतं. दम्यासाठी दिलेल्या पाच दिवसांच्या कोर्सला बहुधा डोस उतरवावा लागत नाही, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. मोठ्या कोर्सवर असताना जोराचा ताप आला, गोळी उलटून पडली किंवा ऑपरेशन ठरलं, तर लगेच कळवा. अशा वेळी डोस वाढवावाही लागतो.

शुगरवाल्यांनी फक्त उपाशीपोटीचा रिपोर्ट बघून खूश होऊ नये. सकाळच्या गोळीने शुगर चढते ती दुपारी-संध्याकाळी, तेव्हा जेवणानंतर दोन तासांनी तपासा. मीठ कमी करा, म्हणजे भडंग आणि लोणचं आलंच. (सांगलीत हे सांगणं जिवावर येतं.) गुडघेदुखीची डायक्लोफिनॅक मनाने जोडू नका, पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

शेजारणीच्या पट्टीशी आकडे ताडून बघू नका. प्रेडनिसोलोन 5, मिथाइलप्रेडनिसोलोन 4, डेफ्लाझाकॉर्ट 6 आणि डेक्सामेथासोन 0.75 मिलिग्रॅम, ही सगळी स्टेरॉइडंच, आकडे वेगळे पण ताकद साधारण सारखीच.

आणि आठवडी बाजारातली बिनलेबलची ‘संधिवाताची पुडी’. दोन दिवसांत गुडघे पळायला लागले तर तिच्यात स्टेरॉइड असण्याचा दाट संशय घ्या. महिनोन्‌महिने खाल्ली असेल तर तीही मनाने एकदम सोडू नका. उरलेली पुडी खिशात घालून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.