संगीतावर घोडेस्वारी बसवताय? या चुका टाळा

नवी टीम आली की पहिल्याच दिवशी कुणीतरी मोबाइल पुढे करतं. "सर, हेच गाणं घ्यायचं." अरे, घोड्यांना विचारलंत का? दुडकीत घोड्याचे पाय तिरक्या जोडीने पडतात, म्हणजे ठेका दोनाचा. कँटरचा, म्हणजे दुडकीच्या वरच्या धावेचा, तीनाचा, साध्या चालीचा चाराचा. गाण्याची लय घोड्याला झेपत नसेल, तर स्वार अख्खा वेळ टाचा मारत बसतो. मी प्रत्येक घोड्याचा दुडकीतला व्हिडिओ काढतो आणि पुढचा डावा पाय अर्ध्या मिनिटात किती वेळा टेकला ते मोजतो. त्याची चौपट म्हणजे मिनिटाचे ठोके. 38 आले तर 152. टीमच्या आठही घोड्यांचे आकडे लिहून मधला धरायचा, मग खुशाल गाणी शोधा.

आता भिंगरी. चार-चार घोड्यांची दोन पाती, मधल्या बिंदूभोवती फिरणारी. लांबून सोपी दिसते आणि तिथेच सगळे आपटतात. मधल्या बिंदूपासून आतल्या घोड्यापर्यंत आणि पुढे दोन घोड्यांमध्ये दीड-दीड मीटर धरलं, तर एका फेरीत आतला साडेनऊ मीटर चालतो आणि कडेचा जवळजवळ 38. म्हणजे आतल्याने जागच्या जागी पावलं टाकायची. हे एरवी सगळ्यांना कळतं, संगीत सुरू झालं की कुणालाच आठवत नाही.

एकदा आमच्याकडे सर्वात कच्चा स्वार कडेला ठेवला होता, "तिथे कुणाचं लक्ष जात नाही" म्हणून. चालीत सराव करायचा कंटाळा, थेट दुडकी. आतला तालात रंगला, पात्याचा विळा झाला. कडेच्याने गाठायला घोडा कँटरमध्ये घातला, तो शेजारच्या घोडीला घासला आणि तिने लाथ झाडली. नशीब, नडगीऐवजी रिकिबीला लागली. ती वाकलेली रिकीब खोगिरांच्या खोलीत अजून खिळ्याला टांगलेली आहे. घाई करणाऱ्याच्या हातात देतो. तेव्हापासून कडेला लांब टापेचा घोडा आणि पक्का स्वार, आत शांत घोडा. आतल्याने कडेच्याकडे बघायचं, बाकीच्यांनी आतल्याकडे. आणि आठवडाभर फक्त चालीत. मैदान 20 मीटर रुंद असेल तर एका पात्यात सहा घालायची हौस नको, गुडघा कठड्याला लागेल.

बाकीचं थोडक्यात. समोरासमोर येताना डावा खांदा डाव्या खांद्याकडे, यावर चर्चा नाही. लाथाड्या घोड्याच्या शेपटीला मागच्याला इशारा म्हणून लाल फीत बांधा, लाजू नका. पुढच्या घोड्याचे मागचे खूर आपल्या घोड्याच्या दोन कानांमधून दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर चिकटलात. आकृत्या आधी पायी चालून पाठ करा. हसणारेच नंतर वळण चुकतात. आणि स्पीकर घोड्यांना कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्यांदा ऐकवू नका.

वळण चुकलंच तर मधून आडवं कापून जागा पकडायला जाऊ नका. कडेने सरळ जा, पुढच्या कोपऱ्यात आपल्या जोडीदाराच्या मागे शिरा.